हार्लननं बांधलेलं ड्युएनचं इंजिन

हार्लन कूगलनं म्हातारपणी बाई ठेवली आहे, आणि तिला पळवून न्यायला तो गॅरेजमध्ये शर्यतीचं इंजिन बांधतोय, ही बातमी माझ्या पार्लरात दोन-तीन डोकी धुऊन होईपर्यंत सगळ्या बेथेल फॉल्समध्ये पसरली. बाई कोण, यावर मात्र एकमत होईना. कुणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या विधवेचं नाव घेई, कुणी नाश्त्याच्या दुकानातल्या लाल केसवालीचं. मी हार्लनची शेजारीण, आमच्या दोन घरांमध्ये साधं कुंपणसुद्धा नाही, तेव्हा निकाल मीच द्यायचा होता. दिला. बाई होती, एवढं खरं. पण ती त्याची लग्नाची बायको मर्ना होती. आणि तिला कुठून पळवायचं हाच प्रश्न होता, कारण आपण कुठे आहोत हे तिचं तिलाच हल्ली नीट माहीत नसायचं.

एके काळी मर्ना बेकरीच्या गल्ल्यावर बसायची. पावाबरोबर टोमणा फुकट. आता तिच्या डोक्यातली माणसं एकेक करून निघून चालली होती. दर गुरुवारी मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन तिचे केस करते. ती मला माझ्या आईच्या नावानं हाक मारते आणि मैत्रिणीशी बोलावं तसं बोलते. त्यामुळे आईनं मरेपर्यंत माझ्यापासून दडवलेल्या दोन-तीन भानगडी मला पन्नाशीत कळल्या. तक्रार नाही.

त्रास संध्याकाळचा होता. पाच वाजायला आले की मर्ना पर्स मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसायची. मला न्यायला येणार आहेत, म्हणायची. जेवण निवून जायचं. हार्लन आत चल म्हणायला गेला की त्याला म्हणायची, तुम्ही नका हो थांबू माझ्यासाठी, तुमच्या घरी वाट बघत असतील. अंधार पडला की रडायची, लहान मुलगी विसरून गेलेल्या आईबापासाठी रडते तशी. मी माझ्या खिडकीतून ऐकायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

हार्लन जन्मभर इंजिनं बांधत आला. बोलणं त्याला परवडत नसावं. तर हा हार्लन एका वसंतात गॅरेजमधली ताडपत्री ओढून उभा राहिला, आणि तिच्याखालून बाहेर आली हिरवी शेव्हेल.

त्या गाडीची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. मूळची ती ड्युएन प्रुइटची. ड्युएन देखणा, केसांना तेल, खिशाला भोक. त्यानं कुठल्याशा कॅटलॉगात बघून तिच्यात शर्यतीचा भलामोठा कॅम बसवला होता. कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा उंचवट्यांचा दांडा. व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ, ते तो ठरवतो. उंचवटे मोठे केले की गाडी वेगात सुसाट सुटते, पण उभी असताना धड श्वास घेत नाही, धडपडते, गचके खाते. ड्युएनची गाडी दोन गल्ल्या आधी ऐकू यायची आणि प्रत्येक सिग्नलला बंद पडायची. ती ओढून आणायचं काम हार्लनकडे असायचं, आणि ओढून आणताना पुढच्या सीटवर बऱ्याचदा बेकरीतली मर्ना असायची. मग एका शनिवारी ड्युएन तिला पाचला न्यायला येतो म्हणाला आणि गेला तो ॲरिझोनाला. गाडी जाता जाता हार्लनला विकून गेला. हार्लनला गाडी आणि मुलगी एकाच सौद्यात मिळाली, असं लोक म्हणत. खोटं आहे. गाडी लगेच मिळाली. मुलगी मिळायला त्याला रोज बेकरीत जाऊन नको असलेला पाव घ्यावा लागला.

गाडी हातात आल्याबरोबर त्यानं आधी काय केलं असेल तर तो कॅम उपसून भंगारात फेकला आणि आपल्या मनासारखा बसवला. पळवलंत तर पळेल, मुलांच्या शाळेच्या बसमागे रांगलात तर रांगेल, असं इंजिन. पाचला, बेकरी बंद व्हायच्या वेळी, तो तिला न्यायला यायचा तो याच गाडीतून. त्यांना मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलातून घरी आणली तीही यातूनच. पुढे पैशांची ओढाताण झाली, इंजिन उतरलं, गाडी ताडपत्रीखाली गेली.

म्हणून हार्लननं हिशेब मांडला. मर्ना पाचला वाट बघते, ती माझीच. त्या गाडीतून मी पुन्हा दारात उभा राहिलो की मला ओळखेल. हे तो कुणाला बोलला नाही. मी ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलचं भांडं द्यायच्या निमित्तानं गॅरेजमध्ये रोज डोकावून त्याच्याकडून काढून घेतलं. वाटेवर आणायला मला आठवडा लागला आणि तीन भांडी.

इंजिन त्यानं असं बांधलं की बघत राहावं. सिलिंडर नव्यानं घासले, पिस्टन तोलून तोलून एका वजनाचे केले, व्हॉल्व्हच्या बैठकी हातानं बसवल्या. पंपावरचं साधं पेट्रोल चालेल एवढाच दाब ठेवला. तरुणपणी केलं होतं त्यापेक्षा हे इंजिन सरस झालं होतं. चालू करून त्यानं वर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवून दाखवला. पाणी हललं नाही.

मग एका संध्याकाळी त्यानं धुतलेला शर्ट घातला, मागच्या रस्त्यानं फेरी मारली आणि पाचच्या ठोक्याला गाडी व्हरांड्यासमोर आणून लावली. मी झुडपं कापायचं निमित्त करून माझ्या अंगणात उभी. नेमकं त्या झुडपाला त्या दिवशी कापण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मर्नानं गाडीकडे पाहिलं. छान आहे, म्हणाली. हार्लननं उतरून दार उघडून धरलं. ती जागची हलली नाही.

"माफ करा, मी दुसऱ्या कुणाची वाट बघतेय," ती म्हणाली. "आमच्या ड्युएनची अशीच आहे. पण ती लांबून ऐकू येते. ही तुमची फारच शहाणी आहे."

हार्लननं दार हळूच लावलं. गाडी गॅरेजमध्ये नेली. त्या दिवशी तिथून काही आवाज आला नाही, हातोडीचा नाही, पान्याचा नाही. माझ्यासारखीनंसुद्धा भांडं नेलं नाही.

पुढच्या आठवड्यात गेले तर त्यानं पाण्याचा ग्लास न हलवणाऱ्या त्या इंजिनाचं तोंड उघडून ठेवलेलं. हात काळे, म्हणून फोन स्पीकरवर, बाकावर. मी दारातच थांबले. पलीकडे ड्युएन प्रुइट होता. ॲरिझोनात पोहण्याचे तलाव विकतो, तिसरी बायको सुरू आहे. नंबर हार्लननं त्याच्या चुलतभावाकडून मिळवला होता.

हार्लननं दुसरी कुठलीही चौकशी केली नाही. त्या शेव्हेलमध्ये तू कुठला कॅम घातला होतास, एवढंच विचारलं. आपण तो रागात फेकला, नंबर वाचून ठेवायचं सुचलं नाही, असंही सांगितलं. ड्युएनला कसला राग ते कळलं नाही, पण कॅम त्याला तोंडपाठ होता. किती उचल, किती अंश, कुठल्या महिन्यात बसवला, बसवताना बोट कसं कापलं. बोलता बोलता माणूस विशीचा झाला. शेवटी म्हणाला, "पण तो रस्त्यावर चालवायच्या लायकीचा नाही हां, म्हाताऱ्या. सिग्नलला बंद पडतो."

"माहीत आहे. ओढून मीच आणायचो."

"तू कुणासाठी करतोयस हे?"

"मर्नासाठी."

"मर्ना म्हणजे कोण? डेंटिस्टची मुलगी?"

"बेकरीतली."

"असेल, असेल," ड्युएन म्हणाला. "कार्ब्युरेटर मोठा लाव मात्र."

हार्लननं आभार मानून फोन बंद केला. मग मला पाहिलं. ऐकलंस ते पार्लरात नेऊ नकोस, असं तो म्हणाला नाही, आणि मी नेलंही नाही. माझ्या धंद्याला हा एवढा एकच डाग आहे.

हे प्रकरण त्याला कुठे लागत होतं ते मोटारीतलं ज्याला कळतं त्यालाच कळेल. शनिवारी हार्डवेअरच्या दुकानासमोरच्या मैदानात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथे मोठे कॅम घालून गुरगुरत येणाऱ्या पोरांना हार्लन वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारायचा, गाडी चालवायची आहे की वाजवायची? आता त्यानंच तसला कॅम मागवला हे पार्सलवाल्याकडून फुटलं. मग त्या पोरांनी त्याला सोडला नाही. म्हातारपणी मिसरूड फुटलं म्हणाले, शेजारच्या सीटवर बसायला पोरगी शोधून देतो म्हणाले. हार्लन कॉफी पीत उभा राहिला.

कॅम तर बसवायचा, पण त्यात मर्ना बसणार. गाडी चौकात बंद पडून चालणार नव्हती. इंजिन हवा शोषतं त्या ओढीवर ब्रेकला जोर मिळतो, आणि असल्या कॅमनं ती ओढ कमी होते, पाय घातला तरी गाडी थांबायला मागत नाही. म्हणून त्यानं पुढच्या चाकावरच्या पत्र्याआड ओढ साठवणारा एक डबा बसवला. रेडिएटर मोठा घातला. मागचे गिअर बदलले, म्हणजे हळू चालताना इंजिन गुदमरणार नाही. कार्ब्युरेटर तर त्यानं इतक्या वेळा उघडला की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. आवाज ड्युएनचा हवा होता आणि वागणूक हार्लनची.

नवा कॅम पहिल्यांदा चालवताना इंजिन वीसेक मिनिटं वरच्या वेगात धरून ठेवावं लागतं, खाली येऊ दिलं की उंचवटे खरवडतात. तो गुरुवार होता. मी स्वयंपाकघरात मर्नाच्या केसांना रोलर लावत होते आणि गॅरेजमधून एकसुरी गर्जना चालली होती. कपाटातल्या बशा थरथरत होत्या. मर्नाला त्याचं काही नव्हतं. ती माझ्या आईच्या एका नाचाच्या रात्रीबद्दल सांगत होती.

मग हार्लननं पाय काढला. गर्जना खाली बसली आणि इंजिन पहिल्यांदा आपल्या चालीवर आलं. धब, धबधब, मध्ये एक ठोका चुकलेला, पुन्हा धबधब. आता बंद पडेल असं वाटावं आणि पडू नये.

मर्ना गोष्ट अर्ध्यात सोडून गप्प झाली. तिनं मान वळवली. रोलर माझ्या हातातून सुटला.

"काढ गं हे सगळं," ती म्हणाली. "लाल लिपस्टिक कुठाय माझी? तो आला."

मी काढले. काय करणार होते? लिपस्टिक माझ्याच पिशवीतली दिली. तिनं ती आरशाशिवाय, एकही रेघ न चुकता लावली. मी गेली कित्येक वर्षं तिचे केस करते. हार्लनसाठी तिनं कधी लिपस्टिक मागितल्याचं मला आठवत नाही.

तो गॅरेजच्या दारात तेलकट कपड्यांत उभा होता. ती थेट गाडीपाशी गेली आणि म्हणाली, "उशीर केलास, ड्युएन."

हार्लननं माझ्याकडे पाहिलं नाही. "हो," म्हणाला. "पुढे नाही करणार." आणि दार उघडलं.

त्यानंतर रोज पाचला. गावाबाहेरच्या शेतांमधून फेरी, परत येताना रूट बिअर, म्हणजे नावापुरती बिअर, बिनदारूचं गोड पेय, मग घर. मर्ना जेवायला लागली. अंधारात रडणं थांबलं. एकदा लांब सरळ रस्त्यावर नव्या गाडीतल्या एका पोरानं त्यांना चिडवलं, तर हार्लननं त्याला धूळ चारली. मर्ना खिडकीतून हात काढून हसत होती, आणखी, आणखी म्हणत होती. हे मला पंपावरच्या माणसानं सांगितलं. हरलेल्या पोरानं स्वतः ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मी स्वतः त्या गाडीत एकदाच बसले. डॉक्टरांकडे जायचं होतं, सोबतीला म्हणून मागच्या सीटवर. पुढे मर्ना सरकून त्याला चिकटून बसलेली, डोकं खांद्यावर. चौकात लाल दिवा लागला, गाडी धबधब करत उभी राहिली. मर्ना हळूच म्हणाली, "तो गॅरेजमधला हार्लन आहे ना, तो माझ्याकडे बघत असतो. तुझ्या कानावर असू दे."

हार्लननं समोर बघत विचारलं, "त्रास देतो?"

"छे. बोलतसुद्धा नाही. भला आहे बिचारा." तिनं खांद्यावर डोकं नीट टेकवलं. "पण त्याच्याशी जी लग्न करेल ना, तिला कंटाळा येईल."

"येईल बहुतेक," हार्लन म्हणाला.

दिवा हिरवा झाला. मागचा ट्रक भोंगा वाजवेपर्यंत गाडी हलली नाही. इंजिन चालूच होतं.

घरी आल्यावर मर्ना आत झोपली. हार्लन गाडीचं बॉनेट उघडून बघत होता, बघण्यासारखं काही नसताना. मला इतकी वर्षं टिंगल करायची सवय, पण त्या दिवशी तोंडातून विनोद येईना. मी त्याला म्हटलं, तुझा जुना कॅम घाल परत. ती कुणालाच ओळखणार नाही, ते चालेल, पण निदान त्या तलाववाल्याला तरी ओळखायला नको. जन्म काढलास तिच्याबरोबर, आणि आता रोज संध्याकाळी दुसऱ्याचं नाव ऐकून घेतोस, कशासाठी?

त्यानं फडक्यानं हात पुसले, बॉनेट लावलं, आणि म्हणाला, "कुणाशेजारी बसायचं ते तिचं तिनं ठरवावं, रॉन्डा. घरी आणून सोडतो तो मी."