पापनाशमजवळचं झोपलेलं तळं

तंजावर स्टेशनावर उतरले तेव्हा जानेवारीची सकाळ होती. मी साताऱ्याहून आलेली, अंगात सुती साडी. समोरचा हमाल मात्र कानटोपीत! ही इथली थंडी. माझी दूरची नणंद सीताअक्का न्यायला आली होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी घराण्यातली, बोलणंही तेच जुनं. बसमधून पापनाशमजवळच्या तिच्या गावी गेलो. जेवायला डांगर पच्चडी (उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर) होती.

दुपारी अक्काने गावचं कुळम (तळं) दाखवलं. गेल्या उन्हाळ्यात त्यावर हिरवा रंग ओतावा तशी साय धरली होती. ते पाणी पिऊन शेळ्या मेल्या. आता पाणी नितळ, पायऱ्या रंगवलेल्या आणि मधोमध नवं कारंजं. माट्टु पोंगलला (गुरांच्या सणाला) त्याचं उद्घाटन होणार, मग तळ्यात गुरांची आंघोळ.

तळे-सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष मफलर गुंडाळून उभे होते. "मॅडम, विंटरमध्ये ते शेवाळ मरून गेलं," ते इंग्रजीत म्हणाले. ज्या थंडीत डाससुद्धा मरत नाहीत, तिच्यावर त्यांचा केवढा विश्वास!

"मेलें नाहीं," अक्का मला म्हणाली. "चिखलांत जाऊन निजलें आहे. उजेड, ऊब मिळाली कीं वर येईल. विषही त्याच चिखलांत, गुरांनीं ढवळला कीं पाण्यांत उतरेल."

तिने तळाचा चिखल बाटलीत भरून खिडकीत ठेवला. दोन-चार दिवसांत वर हिरवे ठिपके तरंगू लागले. बाटली घेऊन आम्ही अध्यक्षांकडे गेलो.

"तुमची बाटलीच घाण असेल," ते म्हणाले आणि आम्हाला कॉफी दिली.

सणाच्या सकाळी अक्का गुरांच्या वाटेवर उभी राहून गुरं पाण्यात नेऊ नका म्हणून प्रत्येकाला विनवत होती. गुराखी संकोचाने हसत, पण थांबत नव्हते. तिचा आवाज चिरकला. मला तिची लाज वाटली आणि मग स्वतःची.

तेवढ्यात अध्यक्षांनी बटण दाबलं. पंप नेमका तळाच्या गाळात बसवलेला! कारंज्यातून हिरवट काळा रस्सा उसळला आणि पाहुण्यांच्या पांढऱ्याशुभ्र वेष्टींवर (धोतरांवर) कोसळला. असा वास सुटला की गुराख्यांनी दावी आवळून गुरं माघारी फिरवली. अध्यक्ष तोंड पुसत ओरडत होते, "टेस्टिंग! टेस्टिंग!"

संध्याकाळी सभा झाली. गुरांचे प्राण वाचवणाऱ्या दक्ष समितीचा सत्कार, शाल अध्यक्षांना. त्यांच्या मानेवर लाल पुरळ उठलं होतं, तिथे ती बरी दिसली. अक्काला स्वागतगीत म्हणायला बोलावलं होतं. तिने ते म्हटलंही.

"तुम्हाला राग नाही आला?" मी परतताना स्टेशनावर विचारलं.

"गाई घरीं गेल्या ना," ती म्हणाली. "आतां उन्हाळा येईल. तळें पुन्हा हिरवें जालें कीं बोलावतील मला."

"शास्त्र सांगायला?"

"उद्घाटनाचें गीत म्हणायला ग."

गाडी सुटली. खिडकीबाहेर तळ्यामागून तळी जात होती, सगळी नितळ. डब्यातल्या बाई मुलीला म्हणाल्या, "किती स्वच्छ पाणी, बघ!" मी मान हलवली नाही.