एका पत्रावळीचा भात

भीमाबाईचं तोंड फटकळ आणि हात सढळ. नागपुरातल्या मिशनच्या दवाखान्यात ती आया होती. तिथे जन्मलेल्या निम्म्या मुलांना पहिली आंघोळ तिच्याच हातची. बाळंतिणीनं घास खाल्ल्याशिवाय स्वतःचा डबा उघडायचा नाही, हा तिचा नेम. रांधणारीनं आणि सेवा करणारीनं शेवटी जेवायचं, असं मौद्याच्या माहेरी आईनं शिकवलेलं. पुढे नवरा रुपराव गेला, गुडघे गेले, नोकरी संपली. नेम तेवढा टिकला.

ती वस्तीतल्या लहान चर्चची. सदरकडचं मोठं चर्च दुसऱ्या मिशनचं. सत्तर साली वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एक झाल्या, तेव्हा ही दोन्ही चर्चं एका मंडळीत आली. रुपराव या दिवसाची वाट पाहता पाहता गेला होता, म्हणून भीमाबाईला तो आनंद दुप्पट होता. पण कागदावर एक होणं सोपं असतं. बाप्तिस्म्याच्या वेळी माणसं जात अंगरख्यासारखी काढून काठावर ठेवतात आणि पाण्याबाहेर आली की गुपचूप पुन्हा अंगात घालतात. मोठ्या चर्चचे लोक वस्तीतल्यांशी हसून बोलत, हात मिळवत. त्यांच्या घरचं पाणी मात्र पीत नसत.

पुढच्या वर्षी कापणीच्या सणाला पाद्रीसाहेबांनी सगळ्यांचं मिळून पहिलं प्रीतिभोजन ठरवलं आणि रांधायचं काम भीमाबाईला दिलं. आज सगळे एका पंगतीत जेवले तरच मंडळी एक झाली, नाहीतर नुसती दारावरची पाटी बदलली, असं तिनं मनाशी धरलं. पहाटेपासून ती चुलीपुढे होती. वरण झालं, भात झाला, वांग्याची भाजी झाली.

पंगत बसली. वस्तीतले लोक पत्रावळी घेऊन बसले आणि मोठ्या चर्चच्या लोकांनी पिशव्यांतून आपापले डबे काढले. कुणाला तिखट वर्ज्य, कुणाला वांगं बाधतं, कुणाला डॉक्टरनं बाहेरचं खायला मनाई केलेली. एवढे आजारी लोक तर दवाखान्याच्या वॉर्डातही भीमाबाईनं एका वेळी पाहिले नव्हते. मंडळीचे सचिव मनोहरराव यांचं पथ्य सर्वांत कडक. त्यांनी तर पंगतीकडे पाठच केली.

वस्तीतल्यांना वाढून झालं तशी भीमाबाई भाताच्या भगुण्याशेजारी बसून राहिली.

डबे संपले, हात धुतले गेले. आता सचिवांनी शेवटची प्रार्थना केली की घरी जायला मोकळे. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "भीमाबाई, प्रार्थना सुरू करायची?"

"जेवणं झाल्यावर घ्या, साहेब. अर्धा भात तसाच हाये. म्हणजे कोणाचं तरी जेवण राह्यलं."

पाद्रीसाहेब समजले आणि खाली बसले. प्रार्थनेआधी उठून जाणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. ऊन पंगतीवर सरकलं. भीमाबाई पळी धरून तशीच बसली होती, तिच्यापुढे पत्रावळ नव्हती. ते मनोहररावांच्या बायकोला, इंदुताईंना, दिसलं.

"मावशी, तुम्ही सकाळपासून काहीच खाल्लं नाही?"

"रांधणारी पयले जेवली तं पंगत मोडते, बाई. तुमच्या वसंताच्या टायमालेबी मी अशीच बसली होती."

इंदुताईंना वसंत जन्मला ती दवाखान्यातली रात्र आठवली. त्या उठल्या, चटईवर येऊन बसल्या आणि पत्रावळ पुढे ओढली. "वाढा."

"पथ्य हाये ना तुमचं?"

"सुटलं."

मग एकेक जण उठून आला. कुणी मान खाली घालून, कुणी उगाच खोकत. दोन घरं मागच्या फाटकानं निघून गेली, त्यांना कुणी अडवलं नाही. भीमाबाई वाढत गेली. तिचे डोळे वाहत होते आणि ती चुलीच्या धुराला शिव्या देत होती.

शेवटी भगुण्यात एका पत्रावळीपुरता भात उरला आणि जेवायची माणसं दोन उरली. मनोहरराव अजून पाठ करूनच बसले होते. भीमाबाईनं भगुणं खरवडून सगळा भात एका पत्रावळीवर घेतला, गुडघे धरत त्यांच्यासमोर गेली आणि पत्रावळ दोघांच्या मध्ये ठेवली.

"तुमी जेवल्याबिगर मी जेवत नाही, अन् भात एवढाच हाये. मले लय भूक लागली, दादा."

मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं. इंदुताई बोटं चाटून भात खात होत्या. मनोहररावांनी बाही वर सारली आणि भातात हात घातला. त्याच भातात भीमाबाईनं घातला. तिचा तो दिवसाचा पहिला घास.

शेवटची प्रार्थना नेहमी सचिव करत. पाद्रीसाहेबांनी मनोहररावांकडे पाहिलं, पण त्यांच्या तोंडात घास होता. म्हणून सगळे थांबले.