पायकसाहेबांचा रविवारचा प्रश्न

रेव्हरंड दानिएल साळवे साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात माझ्यासारख्याने लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी ख्रिस्ती नाही. साहेब भिलाईत होते तोवर मला उपासनेला बोलावत राहिले आणि मी एकदाही गेलो नाही. तरी संपादकांनी मलाच गाठले. "त्यांच्याबद्दल तुम्हीच सांगू शकता," म्हणाले. आता सांगायचे म्हटले तर पुष्कळ आहे.

पहिली भेट झाली तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. मी भंडाऱ्याकडून फिटर म्हणून आलो होतो. मजुरांच्या कॅम्पात टिनाच्या खोलीत माय आणि मी, दोघेच. शेजारी तेलुगू, पंजाबी, उडिया, छत्तीसगढी. दिवसभर मायला बोलायला माणूस नाही. अशात एका रविवारी दुपारी पांढऱ्या कपड्यांतले, पण गुडघ्यापर्यंत लाल मुरमाने माखलेले एक गृहस्थ दारात उभे राहिले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "नमस्कार, मी इथल्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक." मराठी ऐकूनच मायला भरून आले. "या जी, बसा," म्हणत तिने पाट सरकवला.

आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. मायने पाळकाचा 'पायक' केला. साहेब नगरकडचे, त्यांना ही बोली नवी. ते खो खो हसले. "पाळक म्हणजे कळप राखणारा. अजून कळप आहे कुठं? तोवर पायकच बरा." बघता बघता सगळा कॅम्प त्यांना पायकसाहेब म्हणू लागला. ते हिंडायचेही पायीच. सायकल घ्या म्हटले की "घेऊ, घेऊ" म्हणून विषय संपवायचे. माय म्हणायची, "किती चालून राहिले जी तुमी! पायाले गोये नाही येत का?"

त्या पहिल्या दिवशीच निघताना त्यांनी विचारले, "पुढच्या रविवारी उपासनेला येता का?" मी म्हणालो, "साहेब, आमी आत्ताच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आता दुसरीकडं जाणं नाही." "बरं," म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा हजर, निघताना पुन्हा तोच प्रश्न. खोटे कशाला बोलू, मला राग यायचा. हा माणूस माझ्यासाठी येतो की माझ्या बाप्तिस्म्यासाठी, हे काही कळेना.

त्यांच्या मंडळीतल्या काहींनाही ते रुचत नसे. "त्या घरी एवढे खेटे घालता, पदरात काय पडलं?" असे एकाने विचारलेच. "चहा पडला. चांगला असतो," साहेब म्हणाले.

माय गेली ती ऐन मे महिन्यात. जुन्या रीतीने मला पोचवू नको, असे तिने बजावून ठेवले होते. पण तेव्हा आमचे लोक विखुरलेले. वंदना म्हणणारे कोणी जवळपास नव्हते. बातमी कळताच आलेल्या पायकसाहेबांनी विचारले, "तुमच्यात हे कोण जाणतं?" जामुलकडे एक गृहस्थ आहेत, एवढेच मी ऐकून होतो. साहेब उठले आणि भर उन्हात चालत निघाले. दुपार कलता त्या गृहस्थांना शोधून घेऊन आले. त्रिशरण-पंचशील झाले. साहेब सगळ्यांच्या मागे, चपला काढून, हात जोडून उभे होते.

पुढच्या रविवारी आले, मायच्या पाटावर बसून चहा घेतला. आज काही विचारणार नाहीत असे मला वाटले. पण निघताना म्हणालेच, "रविवारी येता का?" मी चिडलो. "साहेब, आता तरी कावून विचारता?"

त्यांचे डोळे भरून आले. "अहो, माझ्याजवळ जे सगळ्यांत चांगलं आहे, ते तुम्हाला देऊ न करता कसा जाऊ? तुम्ही नाही म्हणा, खुशाल म्हणा. पण विचारायचं सोडलं, तर तुम्हालाच सोडल्यासारखं होईल."

त्यानंतर मी कधी चिडलो नाही. रविवारी दुपारी त्यांच्या वाटणीचे पाणी धरूनच आधण ठेवू लागलो.

मग त्यांची बदली झाली. दुर्ग स्टेशनवर पोचवायला गेलो. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला, तो शिट्टी होईपर्यंत सोडला नाही. गाडी सुटली. त्या दिवशी त्यांनी विचारले नाही.

आता कॅम्प उठला. आम्हाला पक्के क्वार्टर मिळाले, आमचे लोकही पुष्कळ झाले, वंदनेला माणसे कमी पडत नाहीत. पण रविवारची दुपार मला खायला उठते. दाराशी पाऊल वाजले की मी उठून बघतो. फार आठवण येते हो, साहेब.

आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आणि गुडघे धड राहोत, कारण आपल्याला इकडे चालत यायचे आहे. एका रविवारी या. मायचा पाट अजून आहे. बसा, चहा घ्या, आणि निघताना तो राहिलेला प्रश्न विचारा. माझे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. तरी विचारा.