आईनं सांगितलेले एपिसोड

आमच्या घरी एक पोलिसांची मालिका होती. तशी ती टीव्हीवर सगळ्यांच्याच घरी लागायची, पण आई अशी बोलायची जणू तिच्या माहेरची माणसंच त्यात कामाला आहेत. इन्स्पेक्टरला ती ‘साहेब’ म्हणायची आणि त्याच्या हाताखालच्या बाई हवालदाराला ‘आपली बाई’. भिलाईच्या सेक्टरमधलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. मालिका रात्री आठला लागायची आणि आवाज इतका बारीक ठेवावा लागे की आम्ही मायलेकी टीव्हीला जवळजवळ कान लावून बसायचो, कारण शेजारच्या खोलीत बाबा झोपलेले असत. नाइट शिफ्ट असली की ते संध्याकाळी झोप काढत, मालिका संपता संपता उठत, जेवत आणि सायकल काढून स्टील प्लांटला, मिलच्या ड्युटीवर निघत.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते समोर बसत खरे, पण पहाटे उठलेला माणूस तो, साहेब जीपमधून उतरेपर्यंत घोरायला लागे. सेकंड शिफ्टला तर घरीच नसत. मालिका त्यांच्या नशिबातच नव्हती म्हणा ना. म्हणून ते जेवायला बसले की आई समोर बसून सगळा एपिसोड सांगायची.

आणि काय सांगायची, बाप्पा! मला अजून म्हाताऱ्या शिंप्याचा एपिसोड सगळ्यात जास्त आवडतो. रस्त्यापलीकडून पळणाऱ्या खुन्याचा चेहरा मी पाहिला, असं तो शिंपी सांगतो. साहेब ऐकून घेतो. शर्टाचं बटण तुटलंय, लावून दे, म्हणतो. शिंपी सुईत दोरा ओवायला लागतो आणि दोरा काही केल्या जात नाही. साहेब थोडा वेळ पाहतो, मग त्याच्या हातातून सुई घेतो, दोरा ओवून देतो आणि निघून जातो. खोटं बोललास, असंही म्हणत नाही! हा सीन आई करून दाखवायची तेव्हा बाबांचा घास हातातच राहायचा.

आईचा आवडता सीन वेगळा होता. एका घरात खून झालेला असतो, पोलीस दारातून आत शिरतात, आणि सगळे प्रेताकडे धावतात. आपली बाई आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करते, कारण दूध उतू जात असतं. आई दर वेळी मांडीवर थाप मारून म्हणायची, “पोलिसात असली म्हणून काय झालं? दूध उतू जाऊन राहिलं ना!”

पण शेवट आला की आई चक्क खोटं बोलायची. शिंप्याच्या मुलानंच खून केलेला असायचा आणि बाप त्याला वाचवत असायचा. आई सांगायची, मुलगा निर्दोष निघाला, भाडेकरू पकडला गेला. कोचिंग क्लासला गेलेली मुलगी परत येत नाही, त्या एपिसोडात तर ती शेवटी तळ्यात सापडते. आईनं तिला मावशीच्या गावाहून बसनं परत आणलं, दोन वेण्या घालून, हातात बोरांची पिशवी देऊन! मी बाजूला बसून ऐकायची आणि माझं डोकं फिरायचं. मी चिडकी, ते काही लपून नाही. बाबा हात धुवायला उठले की मी आईवर तुटून पडायची.

“आई, खोटं कावून सांगून राहिली? मेली ना ती पोरगी!”

“चूप बस! ड्युटीवर जाणाऱ्या माणसाले असं सांगतात काय? तिथं तापलेलं लोखंड चालते. मनात काही घेऊन जाऊ नये माणसानं.”

आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्याच बायका हे पाळायच्या. ड्युटीआधी भांडण नाही, रडणं नाही. गावाकडून, भंडाऱ्याहून, वाईट बातमीचा फोन आला तरी बाबा परत येऊन चहा घेईपर्यंत ती आईच्या पोटात राहायची. मला तेव्हा हे सगळं बावळटपणाचं वाटे. एवढा छान एपिसोड आणि त्याचा हा गुळमट शेवट!

आता आई नाही. बाबा रिटायर होऊन नेहरू नगरात राहतात, हायवेच्या अंगाला, कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत. मी रायपूरहून रविवारी जाते. ते माझ्यासाठी तांदळाचा चीला करतात, पहिला हमखास तव्याला चिकटवतात आणि दोष तव्याला देतात. एका रविवारी चीला उलटवता उलटवता म्हणाले, “बेटा, आपली पोलीसवाली मालिका मोबाइलवर आली म्हणते. टीव्हीले जोडून दे न मले.”

“कोणता एपिसोड पाहायचा?”

“कोचिंगवाल्या पोरीचा. ज्यात ते मावशीच्या घरून वापस येते.”

बाबा आवडते एपिसोड सांगायला लागले की मी ऐकलंय ना, सगळे शेवट आईचे! शिंप्याचा मुलगा सुटतो, ही पोरगी येते, तो हरवलेला म्हातारा देवळात सापडतो. आईच्या साड्या आम्ही वाटून टाकल्या, भांडी वापरून झिजली. हे शेवट तेवढे बाबांकडे जसेच्या तसे होते, आणि ते मीच माझ्या हातानं टीव्हीवर लावून मोडायचे? मी म्हटलं, नेट चालत नाही. ते म्हणाले, शेजाऱ्याचं कसं चालून राहिलं मग? मी म्हटलं, तो एपिसोड काढून टाकला त्यांनी. त्यांनी चष्मा लावला, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि बोटानं सरकवत सरकवत शोधून माझ्या नाकासमोर धरला.

“हा काय! डोळे तपासून घे तुझे.”

लावला. मी टीव्ही पाहिलाच नाही, बाबांकडेच बघत होते. तळं आलं, काठावर चप्पल आली. साहेब मुलीच्या आईसमोर खाटेवर बसतो आणि टोपी काढून हातात घेतो, तोही सीन आला. बाबा मांडीवर हात ठेवून बघत होते. संपल्यावर उठून पाणी प्यायले.

“बाबा,” मी म्हटलं, “आई तं तुमाले…”

“माहीत आहे मले. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सारी मिल याच्यावरच बोलत राहे. तुले काय वाटलं, आमच्या मिलमध्ये कोणाच्या घरी टीव्ही नव्हता?”

“मग आईले कधी म्हटलं नाही तुम्ही?”

“काय म्हणू? एवढी मेहनत करून तुझी आई पोरीले वापस आणे, बोरं-गिरं देऊन. मी म्हणू का, मेली म्हणून?”

मला हसू आलं, आणि रागही आला. इतकी वर्षं मी एकटीच या घरात खऱ्याच्या बाजूनं भांडत होते! पण बाबा हसत नव्हते. ते पुन्हा खुर्चीत बसले.

“एकच वेळा तिनं शेवट नाही बदलवला,” ते म्हणाले. “तो ट्रकवाल्याचा. ज्याच्यावर सगळे संशय घेतात, का यानंच बायकोले विष देलं.”

तो एपिसोड मी सासरी पाहिला होता. ट्रक ड्रायव्हरची बायको घरात मेलेली सापडते. शेवटी कळतं की तिला पोटात मोठा आजार होता, आणि नवरा गाडीवर असतो, त्याच्या जिवाला घोर नको, म्हणून तिनं त्याला कधी सांगितलाच नव्हता. आईच्या पोटातलं दुखणंही मला फार उशिरा कळलं. बाबांनाही डॉक्टरांनीच सांगितलं असणार, असं मी आजपर्यंत धरून चालले होते.

“नाइट शिफ्ट होती,” बाबा म्हणाले. “मी जेवून राहिलो होतो. मले वाटलं, आता म्हणन का बाई बरी झाली, दोघं बी गावाले गेले. पण तुझी आई म्हणे, मेली. नवऱ्याले काहीच माहीत नव्हतं, म्हणे. आन मले भात वाढत राहिली.”

“मग?”

“मग काय? सायकल बाहेर काढून ठेवली होती, ते आत घेतली. तिच्या हातातलं भाताचं भांडं खाली ठेवलं, आन विचारलं, तुले केव्हापासून दुखून राहिलं?”