सैल गाठ

हिंगोलीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक भट्टीवाली खाला राहत असे; तिचे नाव मला कधी कळले नाही. ईदच्या आदल्या सकाळी ती मैद्याच्या लांब वळकट्यांत खारे पनीर भरी, त्यांना गाठी मारी आणि भट्टीत सरकवी. मग दुधाळ, खरपूस वास गल्लीभर स्वप्नासारखा तरंगत राही. एक गाठ मात्र ती दरवर्षी सैल ठेवी, हैदराबादेला गेलेल्या मुलासाठी.

“खाला, ही ढिली काहून?”

“आवळली तर लेकराला यायला तकलीफ व्हईल, पोरी.”

एका ईदला साऱ्याच गाठी घट्ट दिसल्या. मी घाबरून तिच्याकडे पाहिले. पिठाळ बोटाने तिने उंबरा दाखवला. तिथे धुळीने माखलेल्या मोठ्या चपला होत्या.

“आता जाऊन दाखव म्हणावं!” ती हसली.