अक्काची बत्तीस फुटी बोट

आमच्या अक्काने सख्ख्या भावांना वगळून बोट बुक केली होती.

ती अक्का आज पहाटे गेली. जळगावच्या घरी, झोपेत.

माझी मोठी बहीण. धुळ्यात वाढली, जळगावात नांदली. समुद्राशी संबंध शून्य.

बँकेतून रिटायर झाली आणि मुंबईला जाऊन शिडाची बोट चालवायला शिकली. सर्टिफिकेट घेऊन आली तेव्हा आम्हाला वाटलं, चला, हौस फिटली.

कसली फिटते!

गेल्या हिवाळ्यात म्हणाली, थायलंडला बोट भाड्याने घेते. कॅप्टन मीच.

फॅमिली ग्रुपवर बातमी पडली आणि संध्याकाळपर्यंत अख्खं खानदान तयार. आमच्याकडे कुणाला वगळणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. आमच्या थोरल्या भाऊंनी तर पन्नास फुटी बोट शोधूनही ठेवली. वांगी इथून न्यायची ठरली. भरीत भाजायला डेकवर कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या तर चालतील का, हेही एजंटला विचारून झालं.

एजंटने एवढंच सांगितलं की इतकी मोठी बोट नवशिक्याला मिळत नाही, आमचा कॅप्टन सोबत घ्यावा लागेल.

भाऊ खूश. "मंग बरंच शे! तू आरामात बैस."

अक्का भडकली.

"भाऊ, हाई बोट शे, वऱ्हाडनी गाडी नही. मी बसाले नही शिकनू. बोट मी चालाडसू."

आणि घेतली बत्तीस फुटी. सोबत लेक मेघा, जावई आणि मला न विचारता माझी बायको. बस्स.

मला का नाही?

"बापू, तुले कन्नडना घाटमा उलटी व्हस. समुद्रमा काय व्हई?"

मी फुगून बसलो. फोनही घेतला नाही तिचा.

मग तिकडून जावयाने एक व्हिडिओ पाठवला.

बोट धक्क्याला लावायची आहे आणि वारा तिला बाहेर ढकलतोय. अक्का सुकाणूवर, ओढणी कमरेला खोचलेली. पहिला प्रयत्न फसला. तिने घाई केली नाही. बोट वळवली, पुन्हा आणली. मेघा आणि माझी बायको धक्क्यावर उतरल्या आणि दोघींनी दोर ओढून बोट काठाला घेतली.

पन्नास फुटी असती तर बोटीनेच त्या दोघींना ओढत नेलं असतं.

अक्का कॅमेऱ्याकडे बघून हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला माहेरीसुद्धा पाहिलं नव्हतं. माझा रुसवा तिथेच विरघळला, आणि खरं सांगतो, मी रडलो.

परवा गणपतीत आली होती. भाऊंना आणि मला समोर बसवून म्हणाली, "आते मी नवी नही. यंदा थोडी मोठी लेसू. तुमनी दोन्हीसनी जागा धरी ठेयेल शे. बापू, तू गोळी खाईसन ये."

आज आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा मेघा अक्काचा फोन हातात घेऊन बसली होती. एजंटचा मेसेज होता. बोट तयार आहे, कॅप्टन म्हणून अक्काचं नाव आहे, ते कन्फर्म करा.

मेघाला पुढे वाचवेना. कॅन्सल करायचं का, तिने विचारलं.

भाऊंनी तिच्या हातून फोन घेतला, मेसेज वाचला.

मग म्हणाले, "तिनंच नाव शे ना? तेच ऱ्हाऊ दे."

अक्का, सुखाने जा गं.
तुझ्या दोन्ही भावांचा तुला नमस्कार.