गोळी बंद, खोबरेल सुरू

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवासमोर बसले तरी भराभर स्तोत्र आटपून उठायचे, उगाच तोंडून काही निघायला नको म्हणून. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि एक आधीच सांगून ठेवते — मी भोळीभाबडी नव्हते. कुणी मला फूस लावली नाही. मला सगळं कळत होतं.

आर्णीला आमचं घर. दोघे भाऊ सरकारी कारकून. आमचे हे आर्णीतच कामाला, आणि भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, उमरखेडला. ते शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या मोटारीनं परत जायचे. त्यांच्या बायकोला मी जाऊबाई म्हणायचे. माझं लग्न होऊन मी घरात आले तेव्हा जाऊबाई भिंतीला टेकून बसलेल्या होत्या, आणि पुढची पाच वर्षं मी त्यांना तसंच पाहिलं. चेहरा सुजलेला, पापण्या जड, आवाज बाप्यासारखा घोगरा. वैशाखात माणसं घामानं निथळत असताना ह्यांना अंगावर शाल लागायची. फणी फिरवली की केसांचा पुंजका हातात. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागे की आपण तोवर मागच्या दारी पोचलेलो असायचो. आम्ही त्याला आळस म्हणायचो. मी तर शेजारणींना सांगायचे, आमच्याकडे एक देव बसवलाय, नैवेद्य तेवढा वेळेवर लागतो. हसायच्या सगळ्या. मीही हसायचे.

पण ह्या आजारपणात माझं काय वाईट झालं? काहीच नाही! सारं घर माझ्या हाती आलं. मिठामिरचीपासून पाहुण्याच्या आहेरापर्यंत मला विचारल्याशिवाय पान हलत नसे. आणि महालक्ष्म्या. आमच्याकडे भादव्यात महालक्ष्म्या बसतात, त्यांना साडी नेसवून उभं करायचं ते घरातल्या थोरल्या सुनेनं. हा मान दुसरीला मिळत नाही. जाऊबाईंना उभंच राहवत नव्हतं, म्हणून पाच वर्षं मी बसवल्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील — सगळं एकटीनं. अर्धी आर्णी बघायला यायची. कमलनं नेसवलेली लक्ष्मी आता बोलेल की काय असं वाटते, म्हणायच्या बाया. मला ते फार गोड लागायचं. अजूनही लागतं, खोटं कशाला बोलू.

मग आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. कुणीतरी सांगितलं म्हणून भासरे जाऊबाईंना नागपूरला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं गळा चाचपला, डोळे बघितले आणि सांगितलं, ह्यांच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी काम करत नाही, बाई आळशी नाही, आजारी आहे. बारीक गोळ्या दिल्या. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक. संपल्या की नागपूरहून पोस्टानं पुडकं यायचं.

चार-पाच महिन्यांत एक नवीनच बाई घरात वावरायला लागली. मी तिला ओळखत नव्हते! चेहरा उतरून नाकडोळे दिसायला लागले. आवाज स्वच्छ झाला. माझ्या आधी उठून चूल पेटवलेली असायची. मला आनंद झाला का? झाला ना — आठ दिवस. नवव्या दिवशी त्यांनी माझं वरण चाखलं आणि सगळ्यांसमोर हसून म्हणाल्या, इतकं तिखट? पाच वर्षं माणसायले हेच चारलं का वं? त्यांच्या मनात काही नव्हतं. बाई मोकळी होती, बोलून विसरायची. मी विसरत नाही. एकेक करत सगळं त्यांच्याकडे परत गेलं. त्यांचंच होतं, जाणारच. श्रावणात त्या म्हणाल्या, “यंदा लक्ष्म्या मी बसवतो, कमल. तू पानं वाढजो.”

पानं वाढ. म्हणजे वाढपीण.

त्याच सुमारास त्यांना छातीत धडधडायला लागलं. घाम फुटायचा, हात कापायचे. नव्या राज्यामुळे कोकणातले एक साहेब आर्णीत बदलून आले होते, ते आमच्या शेजारीच राहायचे. त्यांच्या घरी खोबरेल तेलाची फोडणी! डोक्याचं तेल वरणात घालतात म्हणून आम्ही किती चेष्टा केली असेल. तर ती साहेबीण म्हणाली, ही गोळी गरम पडते, सकाळी चमचाभर खोबरेल प्या म्हणजे थंडावा येईल. जाऊबाईंना पटलं. पण बाई शहाणी — मला म्हणाल्या, पहिले डॉक्टरले लिहून विचार. त्यांना सहीपुरतं येत होतं, मी सातवी पास. घरातली पत्रं मीच लिहायचे, मीच वाचायचे, कागद सगळे माझ्या ट्रंकेत. मी लिहिलं. धडधड, घाम, खोबरेल, सगळं खरं खरं. त्या पत्रात माझं काही पाप नाही.

उत्तर आलं ते महालक्ष्म्यांच्या आधी आठ दिवस. दुपारची वेळ, दोघे पुरुष कचेरीत. जाऊबाई पुरणाची डाळ निवडत होत्या. मी पाकीट फोडलं. ते पत्र मला पाठ आहे. गोळी अर्धी करा, त्यानं धडधड थांबेल. बंद मात्र करू नका, ही गोळी जन्मभराची आहे, बंद केली तर दुखणं परत येईल आणि पुढे जिवावर बेतेल. खोबरेल केसांना लावा, जेवणात हवं तर खा, पण ते औषध नव्हे, आणि गोळीबरोबर काहीच घेऊ नका.

मी मनात वाचलं. जाऊबाई सुपातून वर न बघता म्हणाल्या, “काय म्हणते डॉक्टर?”

आणि मी वाचून दाखवलं — “गोळीचं काम झालं आहे. आता गोळी बंद करावी. रोज सकाळी चमचाभर खोबरेल तेल घ्यावं.”

अडखळले नाही. आवाज कापला नाही. लोकांना वाटतं, असली कामं माणूस कितीतरी दिवस मनात घोळवून करतो. छे! श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही मला लागला नाही. जाऊबाई खूश झाल्या. गोळीची कटकट गेली म्हणाल्या, पुडकं पाठवू नका म्हणून लिहून टाक. तेही मी लिहिलं. भासऱ्यांना त्यांनीच सांगितलं, डॉक्टरनं गोळी बंद केली. त्यांना तरी संशय कशाला येईल? आठवडाभर सरकारी कागद वाचणारा माणूस, घरी आल्यावर कागद नको म्हणायचा.

आणि गंमत ऐका. त्या वर्षी लक्ष्म्या त्यांनीच बसवल्या! अंगात गोळी मुरलेली होती, ती काही आठ दिवसांत उतरत नाही. धडधड तेवढी थांबली, आणि खोबरेल लागू पडलं म्हणून त्या गावभर सांगत सुटल्या. मी पानं वाढली. म्हणजे ज्यासाठी केलं ते मिळालंही नाही. तेव्हा तरी सांगता आलं असतं की — जाऊबाई, वाचण्यात चूक झाली. एवढंच. चूक झाली म्हणायलासुद्धा हरकत नव्हती. रोज सकाळ व्हायची आणि रोज मी चमचा भरायचे.

दिवाळीनंतर त्यांचं बोलणं सावकाश व्हायला लागलं. मग शाल आली. मग भिंत. आर्णीच्या थंडीत खोबरेल बाटलीत गोठून बसायचं, मी बाटली चुलीजवळ ठेवून तेल पातळ करायचे आणि माझ्या हातानं त्यांच्या तोंडात घालायचे. त्यांना मळमळायचं, तरी डॉक्टरचा हुकूम म्हणून डोळे मिटून गिळायच्या. तेच तेल मी त्यांच्या डोक्याला चोळायचे आणि केस माझ्या बोटांना चिकटून यायचे. भासरे म्हणाले, डॉक्टरले पुन्हा लिहा. मी लिहिलंच नाही. पंधरा दिवसांनी सांगितलं, उत्तर आलं, दोन चमचे द्या म्हणतात. बघा, किती धीट झाले होते.

पुढच्या भादव्यात लक्ष्म्या मी बसवल्या. त्याच्या पुढच्याही. बाया म्हणाल्या, कमल आहे म्हणून हे घर चाललं आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात एक दिवस जाऊबाईंनी मला हाक मारली. दोनदा मारली असावी, आवाजच निघत नव्हता. म्हणाल्या, “ते डॉक्टरचं पत्र आन बरं. पुन्हा वाच.”

पत्र मी जाळलं नव्हतं. काहून जाळलं नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही. ट्रंकेतून काढलं, त्यांच्यासमोर बसले. समोर लिहिलेलं होतं — बंद करू नका, जिवावर बेतेल. ते बेतलेलं जीव धरून माझ्यासमोर बसलं होतं. आणि मी वाचलं, “गोळीचं काम झालं आहे. आता गोळी बंद करावी.” शब्दाला शब्द, पहिल्यासारखंच.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. फार वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं. तू वाचून राह्यली म्हणजे बरोबरच असन.”

त्यांना कळलं होतं का? मी ह्यावर किती वर्षं डोकं फोडलं. कळलं असेल तर त्यांनी मला सोडलं. कळलं नसेल तर मी त्यांना दुसऱ्यांदा मारलं. कुठलं बरं, तुम्हीच बघा. मला दोन्ही सारखंच.

पौषात अंगणात उन्हाला खाटेवर निजल्या त्या जाग्याच होईनात. अंग गार. रविवार होता, भासरे घरीच होते. ओळखीच्याची जीप मिळवून यवतमाळला नेलं, मीही मागे बसले होते. तिथल्या तरण्या डॉक्टरनं गळा बघितला आणि भासऱ्यांना विचारलं, ह्यांना गोळी चालू असणार, ती कोणी बंद केली? भासरे म्हणाले, नागपूरच्या डॉक्टरनंच, पत्र आहे आमच्याजवळ. तो म्हणाला, असं कोणताच डॉक्टर लिहिणार नाही. मी तिथे चार हातांवर उभी होते. पदर तोंडाला लावून उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई गेल्या. तेराव्याच्या आधी ते पत्र मी चुलीत घातलं. भासऱ्यांनी मागितल्यावर सांगितलं, वाळवी लागली.

त्यानंतर जितकी वर्षं भासरे जगले, तितकी वर्षं त्यांनी त्या नागपूरच्या डॉक्टरला शिव्या घातल्या. खाटीक म्हणायचे त्याला. ज्यानं त्यांच्या बायकोला बरं केलं होतं, त्याला. आणि मी ऐकायचे.

भासरे मागच्या साली गेले. शेवटचे दिवस मीच केलं त्यांचं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पाणी पाजलं तर पाणी नको म्हणाले, उशीला टेकून बसले. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी नजर वर करूनही बोलायचं नसतं, आमच्यात तशीच रीत, आणि त्यांनी ती पंधरा वर्षं पाळली होती. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले. म्हणाले, “तिचं तुम्ही लय केलं.”

मी त्यांचे हात खाली केले नाहीत. नमस्कार घेतला, आणि पाण्याचा गडू उचलून आत गेले.